इन्सुलेशन कॉन्ट्रॅक्टर आणि माल पुरवठादार: पहिल्या चौकशीपासून शेवटच्या हिशेबापर्यंत

चाकण, तळोजा, कुरकुंभ, महाड इथल्या एमआयडीसींमध्ये स्टीम लाइन, बॉयलर आणि चिलर पाइपच्या इन्सुलेशनची (उष्णता-गारवा अडवणाऱ्या आवरणाची) कामं मी गेली अठरा वर्षं करतोय. माझ्या बिलात साठ टक्क्यांच्या आसपास रक्कम मालाचीच असते. रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), नायट्राइल रबर, अॅल्युमिनियम शीट, जाळी, तार, स्क्रू, सोल्युशन (चिकटवायचा गोंद). म्हणजे ज्याच्याकडून हा माल येतो तो माणूस माझ्या धंद्यात माझ्याइतकाच गुंतलेला आहे. तरीही या धंद्यात नव्याने उतरलेली मुलं पुरवठादाराची परीक्षा एकाच गोष्टीवर करतात, ती म्हणजे रेट किती पाडून दिला. माझा अनुभव वेगळा आहे. माल गाडीतून उतरताना मोजायचा आणि पैशाची दिलेली तारीख पाळायची, या दोन गोष्टी ज्याने सांभाळल्या त्याला रेट आपोआप चांगला मिळतो. खाली लिहिलेल्या सगळ्या पायऱ्या याच दोन गोष्टींसाठी आहेत.

पायरी १: चौकशी पाठवण्याआधी आपला हिशेब आपण करा

"सहा इंची लाइन आहे, दोनशे मीटर, रेट सांगा" अशी चौकशी पाठवली की समोरचा त्याला सोयीचा माल धरून रेट देतो. मग तीन जणांचे रेट तीन वेगळ्या मालांचे असतात आणि आपण त्यांची तुलना करत बसतो.

हिशेब अवघड नाही. सहा इंची पाइपचा बाहेरचा व्यास १६८.३ मिमी. त्यावर ५० मिमी जाडीचं इन्सुलेशन चढवलं की व्यास होतो २६८.३ मिमी आणि परीघ ०.८४३ मीटर. दोनशे मीटरला बाहेरचं क्षेत्रफळ साधारण १६८.६ चौरस मीटर. एल्बो, व्हॉल्व्ह बॉक्स, फ्लँज बॉक्स वेगळे मोजा. कापाकापी आणि शीटच्या ओव्हरलॅपसाठी मी साध्या लाइनला बारा टक्के धरतो, वळणावळणाच्या लाइनला पंधरा ते अठरा.

आता शीट. २४ गेज म्हणजे ०.५६ मिमी, चौरस मीटरला सुमारे १.५१ किलो. २२ गेज म्हणजे ०.७१ मिमी, चौरस मीटरला सुमारे १.९२ किलो. वरच्या लाइनला २४ गेजची शीट कापाकापी सोडून साधारण २५५ किलो लागेल, २२ गेजची ३२३ किलो. गेज लिहायचं विसरलात तर रेटमध्ये एवढा फरक पडतो.

चौकशीत मालाचं वर्णन पूर्ण लिहा: "रॉकवूल एलआरबी मॅट्रेस, आयएस ८१८३ प्रमाणे, घनता १०० किलो प्रति घनमीटर, जाडी ५० मिमी, एका बाजूला जीआय जाळी शिवलेली, प्रत्येक बॅचचं टेस्ट सर्टिफिकेट मालासोबत." एलआरबी म्हणजे राळेने हलकी बांधलेली लोकर, आयएस म्हणजे भारतीय मानक. लाइन स्टेनलेस स्टीलची असेल तर एक ओळ वाढवा: एएसटीएम सी७९५ ची (स्टेनलेस स्टीलवर चढवायच्या इन्सुलेशनच्या मानकाची) पूर्तता हवी. लोकरीतून पाण्यावाटे क्लोराइड सुटलं तर गरम स्टेनलेस स्टीलला तडे जातात. ते तडे इन्सुलेशनखाली झाकलेले राहतात आणि कळतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. ही ओळ न लिहिता आलेला माल परत करायला तुमच्याकडे कुठलाच आधार नसतो.

पायरी २: कोणाकडून काय घ्यायचं ते ठरवा

उत्पादक, अधिकृत डीलर आणि स्टॉकिस्ट हे तीन वेगळे लोक आहेत. उत्पादकाकडून पूर्ण गाडीचा माल आणि खात्रीचं सर्टिफिकेट मिळतं, उधारी मात्र क्वचितच. डीलर उधारी देतो आणि कंपनीकडे तुमच्यासाठी भांडतो. शनिवारी संध्याकाळी चार बंडल कमी पडले तर ते स्टॉकिस्टच देतो, चार पैसे जास्त घेऊन. तिघांशीही ओळख ठेवा. मुख्य माल मात्र एकाकडूनच घ्या, म्हणजे वर्षाअखेरीस त्याच्या वहीत तुमचं नाव ठळक दिसतं. शीटसाठी दोन जण ठेवा, कारण शीट सगळीकडे मिळते आणि भाव आठवड्यागणिक हलतो.

नवीन पुरवठादाराचा गाळा एकदा तरी जाऊन बघा. रॉकवूलची थप्पी पत्र्याखाली आहे की उघड्यावर ताडपत्रीखाली? नायट्राइलचे रोल उन्हात आहेत का? सोल्युशनच्या डब्यांवर कुठली तारीख आहे? मी एकदा अशाच भेटीत मुदत संपलेले डबे पाहिले आणि तिथूनच परत फिरलो. मुदत संपलेल्या सोल्युशनने चिलर पाइपच्या नायट्राइलचे जोड उघडले की आत दव धरतं आणि अख्खी लाइन सोलावी लागते.

पायरी ३: रेट मागताना सचोटी

बऱ्याच कंपन्यांमध्ये मोठं काम आधी कळवणाऱ्याच्या नावावर नोंदवतात आणि त्यालाच प्रोजेक्टचा खास रेट देतात. म्हणून टेंडर भरायच्या आधीच डीलरला क्लायंटचं नाव, ठिकाण आणि अंदाजे माल लेखी कळवा. "माझ्या नावावर नोंदवलं" असं उत्तर ईमेलवर घ्या. पुढे हाच डीलर तुम्हाला डावलून थेट क्लायंटकडे गेला तर दाखवायला तुमच्याकडे कागद असतो.

याची दुसरी बाजू आपल्याकडे आहे. एकाचं कोटेशन दुसऱ्याला फॉरवर्ड करून रेट पाडायचा, ही सवय सोडा. पुण्यात या मालाचा व्यापार करणारे लोक मोजके आहेत आणि एकमेकांना चांगले ओळखतात. तुमचा रेट फिरतो हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. पुढच्या वेळी सगळेच वाढवून रेट देतात, कारण तुम्ही घासाघीस करणार हे त्यांनी आधीच धरलेलं असतं. बोलणी करायची तर सरळ सांगा: "शेठ, माझं बजेट एवढं आहे, यात बसतं का बघा."

पायरी ४: रेटच्या आत काय दडलंय ते बघा

पहिली गोष्ट भाडं. रॉकवूल हलकं आणि फुगीर. २० फुटी गाडीत आत साधारण २७ घनमीटर जागा असते. ५० मिमीचा माल फार तर पाचशे चौरस मीटर बसतो आणि १०० घनतेला वजन होतं अडीच टनांच्या आसपास. गाडी भरते, पण भार पेलायची ताकद तशीच शिल्लक राहते. भाडं मात्र पूर्ण गाडीचं. म्हणून दीडशे चौरस मीटरसाठी वेगळी गाडी मागवली तर चौरस मीटरमागे भाडं तिपटीच्या पुढे जातं. पुरवठादाराला विचारा, "आपल्या बाजूला येणारी गाडी कधी आहे?" दोन दिवस थांबायची तयारी असेल तर तो दुसऱ्याच्या मालासोबत तुमचा माल आनंदाने टाकतो. उतरवणी, हमाली आणि वाराई (गाडीमागे कामगार मागतात ते पैसे) कोणाकडे, तेही रेटसोबतच लिहून घ्या. कारखान्याच्या गेटवर वाराईवरून अडलेली गाडी दिवसभर उभी राहते.

दुसरी गोष्ट मोजमापाचं एकक. शीट किलोवर विकतात, लोकर चौरस मीटरवर. किलोवर घेतलेला माल जाड येतो आणि चौरस मीटरवर घेतलेला हलका येतो, हे आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं. ०.५६ च्या ऐवजी ०.६० मिमीची शीट आली तर तुम्ही सात टक्के जादा किलो विकत घेता आणि क्लायंट तुम्हाला पैसे देतो चौरस मीटरवर. त्यामुळे शीटच्या ऑर्डरवर जाडी आणि तिची मर्यादा लिहा, लोकरीच्या ऑर्डरवर घनता आणि तिची मर्यादा.

अॅल्युमिनियमचा भाव लंडन मेटल एक्स्चेंज आणि देशातल्या उत्पादकांच्या दरपत्रकांवर हलतो. शीटच्या रेटची मुदत कोटेशनवर बघा. ती सात दिवसांची असेल आणि क्लायंटला तुम्ही साठ दिवसांची दिली असेल, तर मधला धोका तुमचा.

पायरी ५: उधारी

उधारी फुकट नसते, ती रेटमध्ये धरलेली असते. तुमचा पुरवठादार साठ दिवसांच्या उधारीवर १०० रुपये आणि रोखीने ९७ रुपये सांगत असेल, तर ९७ रुपये साठ दिवस वापरायला तुम्ही ३ रुपये देताय. वर्षाचा हिशेब केला तर व्याज पावणेएकोणीस टक्क्यांच्या घरात जातं. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा याहून स्वस्त असेल आणि तीत जागा असेल, तर रोखीने घ्या. मर्यादा भरलेली असेल तर उधारी घ्या, पण तिची किंमत माहीत असू द्या.

आता पैसे फिरतात कसे ते मांडा. माल आला तो दिवस शून्य. काम पूर्ण व्हायला वीस दिवस, क्लायंटसोबत जॉइंट मोजणीला दहा, आरए बिल (झालेल्या कामाचं टप्प्याचं बिल) मंजूर व्हायला पंधरा, पैसे यायला आणखी पंचेचाळीस. झाले नव्वद. पुरवठादाराची उधारी पंचेचाळीस दिवसांची. मधले पंचेचाळीस दिवस तुम्ही कुठून भरणार, हे ऑर्डर घ्यायच्या आधी ठरलेलं पाहिजे. मी दोन मार्ग वापरतो. एक, क्लायंटच्या ऑर्डरमध्ये "माल साइटवर पोचल्यावर, चलन आणि टेस्ट सर्टिफिकेट दाखवून मालाच्या किमतीचे साठ टक्के" अशी अट घालून घेतो. दुसरा, माल टप्प्याटप्प्याने मागवतो. पूर्ण ऑर्डर द्यायची, रेट पक्का करायचा, पण गाड्या वेळापत्रकाप्रमाणे. पुरवठादाराला हे चालतं, कारण त्याची विक्री नक्की झालेली असते.

कायदाही समजून घ्या. तुमचा पुरवठादार उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या) कायद्याप्रमाणे त्याचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत ४५ दिवसांपलीकडे ठेवता येत नाही. लेखी काहीच ठरलेलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात आणलेल्या तरतुदीमुळे (तेव्हाचं कलम ४३बी(एच)), मुदत उलटून राहिलेली रक्कम खर्च म्हणून त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष दिलेल्या वर्षीच धरता येते. मार्चअखेर थकलेली दहा लाखांची उधारी त्या वर्षीच्या नफ्यात मिळवली जाते आणि तिच्यावर कर भरावा लागतो. निव्वळ व्यापारी उद्यम नोंदणी करू शकतो, पण उशिरा पैशांच्या या तरतुदींचा फायदा त्याला नाही. म्हणून प्रत्येक पुरवठादाराचं उद्यम प्रमाणपत्र मागवून फाइलला लावा आणि तो उत्पादक आहे की व्यापारी ते बघा.

उधारीच्या हमीसाठी चेक मागतात. कोरा सही केलेला चेक देऊ नका. तुम्ही रक्कम लिहिली नाही म्हणून सुटका होत नाही, असा चेक परत गेला तरी चेक न वटल्याच्या गुन्ह्याच्या कलम १३८ खाली खटला उभा राहू शकतो. द्यायचाच तर रक्कम लिहून द्या, कशासाठी दिला त्याचं पत्र सोबत द्या आणि खातं चुकतं झाल्यावर चेक परत घ्या.

पायरी ६: ऑर्डर एका पानाची, पण लेखी

फोनवर ठरलेलं त्याच दिवशी कागदावर आणा. मालाचं वर्णन, एकक, रेट, भाडं आणि उतरवणी कोणाकडे, गाड्यांच्या तारखा, पैशाची मुदत, न फोडलेली बंडलं किती दिवसांत परत घेणार, खराब माल बदलून द्यायची मुदत. बस, एक पान पुरतं. साइटवर कोणाची सही चालेल त्याचंही नाव लिहा. माल थेट साइटवर जाणार असेल तर बिलावर तुमचं नाव आणि पोचवायचा पत्ता साइटचा, दोन्ही स्पष्ट हवेत. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावरच्या मालाला आणि राज्याबाहेरून येणाऱ्या पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. गाडी वाटेत बंद पडली तर मुदत वाढवून घ्यायला पुरवठादाराला वेळेत फोन करा.

पायरी ७: गाडी उतरताना

जुलै महिना, चाकणचं काम. संध्याकाळी साडेसातला गाडी आली, १६० बंडलं. माझा सुपरवायझर दिवसभर उभा राहून दमलेला, ड्रायव्हर परतायच्या घाईत. चलनावर आणि बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) सही झाली: माल चांगल्या स्थितीत मिळाला. सकाळी मी गेलो तर मागच्या बाजूच्या थप्पीतल्या प्लॅस्टिकच्या आत पाण्याचे थेंब. एक बंडल फोडलं, मूठभर लोकर दाबली, बोटांमधून पाणी निघालं. चाळीस बंडलं भिजली होती. ताडपत्री मागे फाटलेली होती, हे नंतर गेटवरच्या माणसाने सांगितलं. पुरवठादार म्हणाला, माझ्याकडून सुका माल निघाला. ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, बिल्टीवर तुमच्या माणसाची स्वच्छ सही आहे. दोघांचंही बोलणं कागदाप्रमाणे बरोबर होतं. नुकसान माझं झालं.

त्यानंतर मी एक रबरी शिक्का करून घेतला: "नग मोजून, तपासणीच्या अधीन राहून स्वीकारला." तो सुपरवायझरच्या पिशवीत असतो. उतरवायची पद्धतही ठरवली. ताडपत्री सोडायच्या आधी गाडीचे चारही बाजूंनी फोटो. गाडीचा नंबर फोटोत दिसला पाहिजे. मग नग मोजायचे. मग मधल्या आणि तळाच्या थरातली मिळून पाच बंडलं वजनकाट्यावर ठेवायची.

वजनाचा हिशेब असा. मॅट्रेस १.२ मीटर रुंद, ४ मीटर लांब आणि ५० मिमी जाड असेल तर घनफळ ०.२४ घनमीटर. १०० घनतेला लोकरीचं वजन २४ किलो, वर जाळीचं वेगळं. काट्यावर जाळीसकट वीस किलो दिसलं तर घनता ऐंशीच्याही खाली आहे. पाचही बंडलं तशीच निघाली तर गाडी तिथेच थांबवा, काट्याच्या आकड्यासकट फोटो पाठवा आणि पुरवठादाराला फोन करा. आवाज चढवायची गरज नसते. मी एवढंच म्हणतो, "शेठ, काट्यावर वीस दाखवतोय, बघा आता काय करायचं." बहुतेक वेळा तो स्वतःच कारखान्याशी बोलून मार्ग काढतो. शीटला स्क्रू गेज लावा, कॉइलच्या कडेला आणि मध्ये, दोन्हीकडे. सर्टिफिकेटवरचा बॅच नंबर बंडलावरच्या नंबराशी जुळतो का ते पाहा. न जुळणारं सर्टिफिकेट क्लायंटचा क्वालिटीवाला पहिल्या दिवशी पकडतो.

तोंडी तक्रारीला किंमत नाही. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली तर एमएसएमईडी कायद्यातली मुदत हरकत दूर झाल्याच्या दिवसापासून मोजतात. न घेतली तर माल मिळाल्याच्या दिवसापासून. ईमेल त्याच दिवशी करा, तीन ओळींचा का असेना.

पायरी ८: दर महिन्याला खातं जुळवा

जीएसटीचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) तुमच्या जीएसटीआर-२बी या ऑनलाइन उताऱ्यात बिल दिसलं तरच मिळतं, आणि ते दिसतं पुरवठादाराने आपलं रिटर्न भरल्यावर. दर महिन्याला २बी उघडून बिलं टिपा. न दिसणाऱ्या बिलासाठी त्याच्या अकाउंटंटला फोन करा. तो वारंवार चुकत असेल तर मी कराएवढी रक्कम रोखून धरतो, पण हे आधी सांगून. उलट बाजूने, बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत तुम्ही पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येतं, व्याज मात्र जातं.

कमी आलेल्या किंवा परत गेलेल्या मालासाठी पुरवठादाराकडून क्रेडिट नोट मागा. करासह क्रेडिट नोट काढायची त्याची मुदत फार तर विक्रीचं आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत असते, म्हणून "बघू नंतर" यावर सोडू नका. पुढच्या बिलात परस्पर पैसे कापून घेण्याची पद्धत वाईट. दोन वर्षांनी दोन्ही खात्यांत चाळीस-पन्नास हजारांचा फरक निघतो आणि तो कशाचा हे कोणालाच सांगता येत नाही.

पायरी ९: पैसे अडकले तर

अडकणारच. साखर कारखान्यांची कामं घेणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे. दुरुस्ती गाळप बंद असताना, मे ते सप्टेंबरमध्ये, आणि पैसे पुढच्या हंगामात. अशा कामांचा माल कोणता आणि किती लागणार ते पुरवठादाराला एप्रिलमध्येच सांगा आणि पैसे कसे येणार तेही तेव्हाच सांगा. सांगून घेतलेल्या मुदतीला पुरवठादार सहसा नाही म्हणत नाही. त्याला राग येतो तो तारीख उलटून गेल्यावर फोन न उचलण्याचा.

माझा नियम असा: तारीख चुकणार हे कळल्याबरोबर, आठ दिवस आधी, स्वतः फोन करायचा. किती देऊ शकतो, उरलेले कधी, आणि क्लायंटकडे बिल कुठल्या टेबलावर आहे, हे तिन्ही सांगायचं. आणि थोडे का होईना, त्या तारखेला पैसे पाठवायचे. २०२० च्या टाळेबंदीत माझी तीन मोठी बिलं अडकली होती. सहा पुरवठादारांना मी हाताने लिहून तारखांचं वेळापत्रक पाठवलं आणि दर शनिवारी प्रत्येकाला काहीतरी दिलं, कधी दहा हजार, कधी पाच. खातं फिटायला चौदा महिने लागले. त्यातल्या पाच जणांकडून मी आजही माल घेतो.

क्लायंटच मोठी कंपनी असेल आणि फार अडवत असेल तर पुरवठादाराला थेट पैसे देण्याचं तिघांच्या सह्यांचं पत्र करता येतं. हा मार्ग शेवटचा ठेवा, कारण त्या पत्रामुळे तुमचा खरेदीचा रेट क्लायंटला कळतो. एमएसएमईडी कायद्याखाली क्लायंटवर स्वतः दावा लावायचा विचार असेल तर आधी वकिलाला विचारा. मालासकट कामाच्या कराराला ही तरतूद लागू होते की नाही, यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत.

पायरी १०: साइट बंद करताना

शेवटच्या आठवड्यात उरलेला माल मोजा. न फोडलेली बंडलं सुकी असतानाच परत पाठवा, ठरलेल्या मुदतीच्या आत, परतीच्या चलनासह. फोडलेली बंडलं परत करायचा प्रयत्न करू नका, ती पुढच्या कामाला वापरा. सगळी टेस्ट सर्टिफिकेटं चलनांच्या क्रमाने लावून एक संच क्लायंटच्या अंतिम बिलाला जोडा आणि एक स्वतःकडे ठेवा. रिटेन्शनचे (क्लायंटने हमी म्हणून रोखलेले) पैसे वर्षाने मागायला जाल तेव्हा कोणीतरी हा संच मागतोच. पुरवठादाराकडून खात्याचा उतारा मागवा, आपल्याशी जुळवा, दोघांच्या सह्या घ्या. जमलं तर त्याला किंवा त्याच्या मुलाला एकदा साइटवर बोलवा. आमच्या एका शेठना मी तळोज्याच्या बॉयलरवर घेऊन गेलो होतो. वीस वर्षं रॉकवूल विकणाऱ्या माणसाने चढवलेला माल पहिल्यांदाच जवळून पाहिला. शीटच्या जोडावर हात फिरवून म्हणाले, "आत एवढी आग आहे आणि वर हात ठेवता येतोय." पुढच्या गाडीपासून त्यांनी आमच्या बंडलांवर दुहेरी प्लॅस्टिक लावायला सुरुवात केली, मी न सांगता.